पत्र फुकट, बातमी किती रुपयांना? स्पॅनिश स्थानिक वृत्तपत्रं इमेलवर वाचण्याचा खर्च

चाकणच्या कारखान्यातल्या इंजिनिअरला बिल्बाओत काय चाललंय हे कळायला हवं असतं. पूर्वी महिंद्रा सीआयई नावाने ओळखली जाणारी आणि आता सीआयई ऑटोमोटिव्ह इंडिया झालेली कंपनी ज्या समूहाची, त्याचं मुख्यालय तिथे आहे. नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराचं लक्ष पेरूमधल्या पिउरा आणि इका या भागांकडे असतं, कारण तिथला माल युरोपात आपल्या मालाच्या पुढेमागे उतरतो. पुण्यात स्पॅनिश शिकणाऱ्या मुलीला पाठ्यपुस्तकाबाहेरची, बाजारात आणि नगरपालिकेत बोलली जाणारी भाषा हवी असते. माद्रिदचं राष्ट्रीय दैनिक या तिघांनाही पुरत नाही. त्यांना त्या-त्या गावचं वृत्तपत्र हवं असतं, आणि ते रोज आपोआप इमेलमध्ये येऊन पडलं तर उत्तमच.

याला खर्च किती? थोडक्यात उत्तर: काहीच नाही, ते वर्षाला सुमारे पंधरा हजार रुपये. मधली तफावत एवढी मोठी असण्याचं कारण साधं आहे. इमेलवर येणारं बातमीपत्र जवळपास सगळीकडे फुकट असतं. पैसे मागितले जातात ते त्यातल्या दुव्यावर बोट ठेवल्यानंतर. त्यामुळे वर्गणी घ्यायची की नाही, हे वृत्तपत्राच्या नावलौकिकावरून ठरवू नका. आपण महिन्यातून किती वेळा त्या बंद दारावर अडकतो, त्यावरून ठरवा. पुढचा सगळा हिशेब या एका सूत्रावर उभा आहे.

आधी गाव ठरवा, मग वृत्तपत्र

स्पेनमध्ये १७ स्वायत्त प्रदेश आणि ५० प्रांत आहेत. वाचकांची निष्ठा बहुधा प्रदेशापेक्षा प्रांताशी असते. आपल्याकडे सोलापूरची पुरवणी कोल्हापुरात कामाची नाही, तसंच तिथेही आहे. अंदालुसियाचं म्हणून एकच दैनिक धरून चालत नाही: मालागाला ‘सुर’, ग्रानादाला ‘इदेआल’, कादिसला १८६७ पासूनचं ‘दिआरिओ दे कादिस’ आणि सेव्हिलला ‘दिआरिओ दे सेव्हिया’. गालिसियात ‘ला वोस दे गालिसिया’ (आ कोरुन्या, १८८२) सर्वदूर पोचतं, पण वीगोचं बंदर, मासेमारी आणि तिथला मोटार कारखाना यांच्या बातम्यांसाठी ‘फारो दे वीगो’ हवं. १८५३ साली निघालेलं हे दैनिक स्पेनमधल्या चालू दैनिकांत सर्वांत जुनं मानलं जातं. बास्क प्रदेशात बिल्बाओसाठी ‘एल कोर्रेओ’, तर सान सेबास्तियानसाठी ‘एल दिआरिओ वास्को’. सारागोसाला ‘एराल्दो दे आरागोन’ (१८९५), वायादोलिदला ‘एल नोर्ते दे कास्तिया’ (१८५४), ओविएदोला ‘ला नुएवा एस्पान्या’, आलिकांतेला ‘इंफोर्मासिओन’, मुर्सियाला ‘ला वेर्दाद’.

समुद्रापलीकडेही हीच रीत. अर्जेंटिनातल्या कोर्दोबासाठी ‘ला वोस देल इंतेरिओर’ (१९०४), रोसारिओसाठी ‘ला कापिताल’ (१८६७), कोलंबियातल्या मेदेयिनसाठी ‘एल कोलोम्बिआनो’ (१९१२), मेक्सिकोतल्या मेरिदासाठी ‘दिआरिओ दे युकातान’ (१९२५), मोंतेर्रेयसाठी ‘एल नोर्ते’ (१९३८), बोलिव्हियातल्या सांता क्रूससाठी ‘एल देबेर’. चिलीतलं ‘एल मेर्कूरिओ दे वालपाराइसो’ तर १८२७ पासून निघतं.

निवडताना दोन गोष्टी तपासा. पहिली, मालक कोण? स्पेनमधली बरीच प्रांतिक दैनिकं दोन समूहांची आहेत. वोसेंतोकडे ‘एल कोर्रेओ’, ‘एल दिआरिओ वास्को’, ‘सुर’, ‘इदेआल’, ‘ला वेर्दाद’, ‘एल नोर्ते दे कास्तिया’. प्रेन्सा इबेरिकाकडे ‘फारो दे वीगो’, ‘ला नुएवा एस्पान्या’, ‘इंफोर्मासिओन’. एकाच समूहातल्या दैनिकांत देशपातळीवरचा मजकूर पुष्कळदा सामाईक असतो. म्हणजे एकाच घरातली दोन दैनिकं विकत घेतली, तर निम्म्या मजकुरासाठी आपण दोनदा पैसे मोजतो. दुसरं दैनिक घ्यायचंच असेल, तर ते दुसऱ्या घरातलं घ्या.

दुसरी गोष्ट भाषेची. स्पेनमधली प्रादेशिक बातमी स्पॅनिशमध्येच असेल असं नाही. कॅटलोनियाची सार्वजनिक वाहिनी कॅटलानमध्ये बोलते, गालिसियाची गालिसियनमध्ये. बार्सिलोनाचं ‘ला वांग्वार्दिआ’ २०११ पासून स्पॅनिश आणि कॅटलान अशा दोन्ही आवृत्त्या काढतं. बातमीपत्राची नोंदणी करताना कुठली आवृत्ती निवडली आहे, हे पाहिलं नाही तर दुसऱ्या दिवशी वेगळ्याच भाषेतलं पत्र येऊन पडतं.

शून्य रुपयांत किती मिळतं?

बरंच मिळतं. वर्गणीचा विचार करण्याआधी एक महिना पुढचे पाच मार्ग वापरून बघा.

*दैनिकाचं स्वतःचं बातमीपत्र.* संकेतस्थळावर अगदी खाली किंवा डाव्या कोपऱ्यातल्या यादीत ‘बोलेतीनेस’ किंवा सरळ ‘न्यूजलेटर्स’ असा विभाग असतो. नाव, इमेल आणि एक परवलीचा शब्द दिला की नोंदणी होते. सकाळच्या ठळक बातम्या, अर्थकारण, फुटबॉल, खाद्यसंस्कृती अशी वेगवेगळी पत्रं निवडता येतात. काहींवर ‘सोलो पारा सुस्क्रिप्तोरेस’ असा शिक्का असतो. ती फक्त वर्गणीदारांसाठी. नोंदणीनंतर येणाऱ्या इमेलमधला पुष्टीचा दुवा दाबल्याशिवाय पत्र सुरू होत नाही. हा दुवा बरेचदा स्पॅममध्ये जाऊन बसतो, तेव्हा तिथे एक नजर टाका.

*गूगल अलर्ट्स.* शब्द द्या. तो ज्या नव्या बातमीत येईल ती इमेलवर मिळते. भाषा स्पॅनिश, प्रदेश स्पेन किंवा पेरू, स्रोत फक्त बातम्या आणि वारंवारता दिवसातून एकदा, एवढं ठरवून ठेवा. शब्द मात्र नेमका हवा. सोलापूरच्या डाळिंब निर्यातदाराने नुसतं ‘ग्रानादा’ लिहिलं, तर फळाऐवजी ग्रानादा शहराच्या महापालिकेच्या बातम्या येत राहतील. एल्चे भागातल्या ज्या डाळिंबाला युरोपात संरक्षित मूळस्थानाचं नामांकन आहे, त्याचं ‘ग्रानादा मोयार दे एल्चे’ हे पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाका. नको असलेल्या शब्दापुढे वजाचं चिन्ह दिलं की तो गाळला जातो. एकाच दैनिकापुरता शोध हवा असेल, तर त्याच्या संकेतस्थळाचा पत्ता शोधशब्दाला जोडता येतो.

*सार्वजनिक प्रसारक आणि खुली माध्यमं.* बास्क प्रदेशाची एईतेबे, अंदालुसियाची कानाल सुर, आरागोनची आरागोन तेव्हे, अस्तुरियासची एर्रेतेपेआ ही सगळी करदात्यांच्या पैशावर चालणारी माध्यमं. त्यांच्या बातम्या वाचायला पैसे लागत नाहीत. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘एलदिआरिओ’ या डिजिटल दैनिकाच्या अनेक प्रादेशिक आवृत्त्या आहेत. ते सभासदांच्या वर्गणीवर चालतं, पण बहुतांश मजकूर सर्वांसाठी खुला ठेवतं.

*सरकारी राजपत्र.* कायदा, अनुदान, निविदा, विद्यापीठातली भरती यांसाठी बातमीची वाट बघण्यापेक्षा थेट राजपत्र गाठावं. स्पेनच्या राजपत्राची ‘मी बोए’ ही सूचनासेवा विनामूल्य आहे: विषय निवडा, त्यावर काही प्रसिद्ध झालं की इमेल येतं. स्पेनमध्ये उच्च शिक्षणाला जाऊ पाहणाऱ्यांनी आणि निविदांवर डोळा ठेवणाऱ्या कंपन्यांनी ही सेवा आधी घ्यावी.

*धंद्याची पत्रं.* शेतमालाच्या व्यापारात प्रांतिक दैनिकापेक्षा व्यवसायाची बातमीपत्रं जास्त कामाची ठरतात. फ्रेशप्लाझाची स्पॅनिश आवृत्ती आणि पेरूचं ‘अग्रारिया’ इथे बागायतीच्या, बंदरांच्या आणि भावांच्या बातम्या रोज मिळतात. वाचायला वर्गणी लागत नाही.

याखेरीज ज्या दैनिकांच्या फीड (नव्या मथळ्यांच्या आपोआप ताज्या होणाऱ्या याद्या) अजून चालू आहेत, त्या थंडरबर्डसारख्या मोफत इमेल प्रोग्राममध्ये जोडता येतात. मग दैनिकाकडे इमेल पत्ता न देताही मथळे इमेलसारखेच एकाखाली एक दिसतात.

फुकटाची किंमत

फुकट म्हणजे काहीच देत नाही असं नाही. स्पेनच्या विदासंरक्षण संस्थेने कुकीजविषयीची मार्गदर्शिका २०२३ मध्ये सुधारली आणि ती पाळायला ११ जानेवारी २०२४ ही मुदत दिली. त्यानंतर बऱ्याच स्पॅनिश दैनिकांनी वाचकापुढे दोनच पर्याय ठेवले: जाहिरातींसाठी तुमचा माग काढू द्या, नाहीतर पैसे भरा. ‘आसेप्तार’ म्हणजे मान्य, ‘रेचासार’ म्हणजे नकार. नकाराच्या बटणाला जोडूनच पैसे मागितलेले असतील, तर तो दैनिकाच्या वर्गणीचा फलक समजू नका. पुष्कळदा ते शुल्क माग न काढण्यापुरतंच असतं आणि ते भरूनही वर्गणीदारांचे लेख बंदच राहतात. पैसे देण्याआधी त्या पानावर नेमकं काय विकलं जातंय, ते वाचून घ्या.

माग काढला जाऊ नये पण पैसेही द्यायचे नाहीत, तर बातम्यांसाठी वेगळा ब्राउझर ठेवा आणि बंद करताना त्यातल्या कुकीज आपोआप पुसल्या जातील अशी व्यवस्था करा. खर्च शून्य.

वर्गणी: फलकावरचा आकडा आणि खरा आकडा

प्रांतिक दैनिकाच्या डिजिटल वर्गणीसाठी अंदाजपत्रकात महिन्याला ५ ते १२ युरो धरा. दाखवलेल्या किमतीत कर आलेला असतो. स्पेनने २०२० मध्ये डिजिटल वृत्तपत्रांवरचा कर छापील अंकांइतकाच, म्हणजे ४ टक्के केला. तरीही भारतीय कार्डावरून खरेदी करणाऱ्याला फलकावरच्या आकड्यापेक्षा थोडं जास्त पडतं. परकीय चलनातल्या व्यवहारावर बँक वरकड आकार लावते. बहुतेक कार्डांवर तो २ ते ३.५ टक्के असतो, आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी.

हिशेब सोपा व्हावा म्हणून एक युरो म्हणजे १०० रुपये धरू. तुम्ही त्या दिवसाचा भाव घालून हेच गणित करा. समजा, दैनिकाची वर्गणी महिन्याला ८ युरो किंवा वर्षाला ८० युरो आहे आणि तुमच्या कार्डाचा आकार ३.५ टक्के आहे.

• मासिक: ८०० + आकार २८ + जीएसटी ५ = ८३३ रुपये. वर्षाचे ९,९९६ रुपये.
• वार्षिक: ८,००० + आकार २८० + जीएसटी ५० = ८,३३० रुपये.
• ‘पहिला महिना १ युरो’, मग दरमहा ८: वर्षाचे ८९ युरो, म्हणजे आकारासह सुमारे ९,२६८ रुपये.
• परकीय चलनावर आकार न लावणारं कार्ड असेल, तर वार्षिक वर्गणी ८,००० रुपयांतच पडते.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. एक युरोची जाहिरात स्वस्त दिसते, पण वर्षभर वाचायचंच असेल तर वार्षिक वर्गणीपेक्षा ती सुमारे साडेनऊशे रुपयांनी महाग पडते. चाचणी म्हणून मात्र ती उत्तम, एक महिना वाचून थांबायची शिस्त असेल तर. दुसरी गोष्ट, कार्ड बदलल्याने वार्षिक वर्गणीवर वाचतात ते सुमारे तीनशे तीस रुपये. त्यासाठी हजार रुपये वार्षिक शुल्काचं नवं कार्ड काढण्यात अर्थ नाही; घरात कुणाकडे असं कार्ड आधीच असेल तर ते वापरा.

पैसे भरताना पान ‘रुपयांत भरायचे की युरोत’ असं विचारू लागलं, तर युरो निवडा. रुपयाचा पर्याय सोयीचा वाटतो, पण तिथला विनिमयदर विकणाऱ्याच्या बाजूचा असतो, आणि काही बँका वर आपला आकारही लावतात.

अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी वाचकांचा हिशेब वेगळा. युरोपातल्या कार्डावर विनिमयाचा प्रश्नच येत नाही, आणि अमेरिकेत परदेशी व्यवहारावर आकार न लावणारी कार्डं सहज मिळतात.

कार्ड चालत नाही तेव्हा

व्यवहार नाकारला गेला की बहुतेक जण स्पॅनिश संकेतस्थळाला दोष देतात. कारण पुष्कळदा आपल्याच कार्डात असतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नवं कार्ड फक्त देशांतर्गत एटीएम आणि दुकानातल्या यंत्रांसाठी चालू असतं. ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय वापर ग्राहकाने स्वतः सुरू करायचा असतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन दोन्ही चालू करा, आंतरराष्ट्रीय वापराची मर्यादा दोन-तीन हजारांवर किंवा वर्गणीच्या थोडी वर ठेवा आणि पैसे गेल्यावर पुन्हा बंद करा.

दुसरा अडसर दर महिन्याच्या आपोआप कपातीचा. १ ऑक्टोबर २०२१ पासून भारतीय कार्डावरच्या अशा कपातीसाठी ई-मँडेट लागतं. पहिल्यांदा ओटीपी देऊन संमती द्यायची. मग प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायचं. २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतच्या कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही. वृत्तपत्राची वर्गणी या मर्यादेत आरामात बसते. पण लहान परदेशी प्रकाशनांच्या पैसे घेण्याच्या यंत्रणेत ई-मँडेटची सोय नसेल, तर पहिला हप्ता जातो आणि दुसऱ्या महिन्यात वर्गणी खंडित होते. त्यावर उपाय म्हणजे वार्षिक वर्गणी, एकरकमी. पुढच्या वर्षी नूतनीकरण आपोआप झालं नाही, तर बिघडलं कुठे? पुन्हा भरायचे की नाही, याचा विचार करायला तेवढीच संधी.

तिसरा मार्ग प्ले स्टोअरचा. काही दैनिकं स्वतःच्या अ‍ॅपमधून वर्गणी विकतात. तिथे किंमत रुपयांत दिसते, युपीआयने भरता येते, बँकेचा विनिमय आकार लागत नाही आणि रद्द करणंही फोनवरच होतं. अट एवढीच: अ‍ॅपमधून घेतलेली वर्गणी संकेतस्थळावरच्या खात्याला जोडली जाते का, हे आधी बघा. जोडली गेली नाही, तर इमेलमधला दुवा संगणकावर उघडताना तुम्ही पुन्हा बाहेरचेच ठरता. इमेलवर वाचायचं म्हणून आपण पैसे भरतोय, तेव्हा ही अट सोडू नका.

छापील अंक जसाच्या तसा पानोपानी हवा असणाऱ्यांसाठी प्रेसरीडर किंवा किओस्को इ मास यांसारखी डिजिटल विक्रीकेंद्रं आहेत. अनेक दैनिकं चाळणाऱ्या अनुवादकाला किंवा संशोधकाला ती परवडतात; एकाच गावापुरतं वाचणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. परदेशी भाषा विभाग असलेल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा दिल्लीच्या इन्स्तितुतो सेर्वांतेसच्या ग्रंथालयात सभासदांना वृत्तपत्रांचा डिजिटल प्रवेश मिळतो का, ते वर्गणी भरण्याआधी विचारून घ्यावं. जुन्या बातम्यांसाठी तर पैसे मोजूच नका: स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं डिजिटल वृत्तपत्रालय आणि संस्कृती मंत्रालयाचं ऐतिहासिक वृत्तपत्रांचं दालन दोन्ही खुली आहेत.

पत्र केव्हा येतं?

सकाळचं पत्र आपल्याकडे भल्या सकाळी येत नाही. त्यावरून दिवसाची आखणी बदलते, म्हणून हा हिशेब. तिथे सकाळी ७ ला निघालेलं पत्र आपल्या घड्याळात असं पोचतं:

• स्पेनची मुख्यभूमी: हिवाळ्यात ११.३०, उन्हाळ्यात १०.३०. कॅनरी बेटांसाठी याहून एक तास उशिरा.
• अर्जेंटिना: दुपारी ३.३०.
• पेरू आणि कोलंबिया: संध्याकाळी ५.३०.
• मध्य मेक्सिको: संध्याकाळी ६.३०.

स्पेनचं घड्याळ मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. पेरूची बातमी वाचून त्याच दिवशी मुंबईच्या शिपिंग एजंटशी बोलायचं असेल, तर कार्यालयं बंद व्हायच्या बेतात असतात. अशांनी सकाळच्या पत्राऐवजी आदल्या रात्रीचं पत्र निवडावं. पेरूत रात्री ८ ला निघालेलं पत्र आपल्याकडे सकाळी ६.३० ला येतं.

इनबॉक्स तुंबू नये म्हणून

जीमेलवर आपल्या पत्त्यात अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडून नोंदणी करता येते. पत्र त्याच खात्यात येतं, पण त्या पत्त्यावरून आपोआप वेगळ्या लेबलखाली टाकता येतं. पत्ता कुणी दुसऱ्याला विकला, तर तेही त्यावरून कळतं. काही संकेतस्थळं हे चिन्ह स्वीकारत नाहीत. तिथे बातम्यांपुरतं वेगळं खातं काढा. पत्र १०२ केबीपेक्षा मोठं असलं की जीमेल ते मध्येच छाटतं. प्रांतिक दैनिकांत तालुक्याच्या बातम्या पुष्कळदा शेवटी असतात, म्हणजे नेमक्या आपल्या कामाच्या बातम्या छाटल्या जातात. तळाशी संपूर्ण संदेश उघडण्याचा दुवा असतो. तो दाबायला विसरू नका.

एकदम सहा पत्रं लावून घेण्याचा मोह टाळा. एक रोजचं, एक आठवड्याचं आणि दोन अलर्ट, एवढं नेमाने वाचून होतं. त्यापलीकडचं न उघडता साचत राहतं.

आकडे वाचताना सावध

भाषांतर करणारी मोफत साधनं आता बातमीचा आशय बरा पोचवतात. स्पॅनिशमधून मराठीपेक्षा इंग्रजीत ती सहसा अधिक नेमकी चालतात. घोळ होतो तो आकड्यांत, आणि व्यापाऱ्याला तोच महागात पडतो. स्पेनमध्ये १.५०० म्हणजे दीड हजार आणि १,५ म्हणजे दीड; पूर्णविराम आणि स्वल्पविराम आपल्या उलट. मेक्सिकोत मात्र आपल्यासारखंच लिहितात. ‘मिल मियोनेस’ म्हणजे एक अब्ज. ‘बियोन’ दिसलं की भाषांतरावर विसंबू नका: स्पॅनिशमध्ये तो एकावर बारा शून्यं, म्हणजे एक लाख कोटी, इंग्रजी बिलियनच्या हजारपट. भाव, टनभार, अनुदान यांपैकी कुठल्याही आकड्यावर निर्णय घ्यायचा असेल, तर मूळ स्पॅनिश ओळ डोळ्यांखालून घाला.

तिघांची तीन अंदाजपत्रकं

*विद्यार्थिनी.* एका प्रांतिक दैनिकाचं मोफत पत्र, एका सार्वजनिक प्रसारकाचं संकेतस्थळ आणि ‘एलदिआरिओ’ची प्रादेशिक आवृत्ती. खर्च शून्य. परीक्षेच्या तयारीला संपादकीय आणि स्तंभलेख हवे झाले, तर दोन महिन्यांची मासिक वर्गणी, आपल्या उदाहरणातल्या दराने १,६६६ रुपये. स्तंभलेख बहुधा वर्गणीच्या भिंतीआडच असतात आणि भाषेचा कस तिथेच लागतो, त्यामुळे हा खर्च वाया जात नाही.

*द्राक्ष निर्यातदार.* वर्षभर धंद्याची मोफत पत्रं आणि ‘उवा दे मेसा’, म्हणजे खाण्याच्या द्राक्षांवर पिउरा व इका जोडून दोन अलर्ट. आपला युरोपचा हंगाम जानेवारी ते एप्रिल, पेरूची तोडणी त्याआधीच सुरू झालेली. पिउरात पूर आला, बंदरात संप झाला, तर ते तिथल्या स्थानिक बातमीत आधी उमटतं. भिंतीमागचं वाचायची गरज पडलीच, तर डिसेंबर ते मार्च अशी चार महिन्यांची वर्गणी पुरे: सुमारे ३,३३२ रुपये. बारा महिने भरू नका. धंद्यासाठीचा खर्च म्हणून पावती जपून ठेवा आणि सीएला द्या.

*कारखान्यातला इंजिनिअर किंवा व्यवस्थापक.* बिल्बाओच्या समूहाच्या बातम्या, तिथल्या कामगार संघटना, वीजदर, धातू उद्योग हे सगळं ‘एल कोर्रेओ’च्या अर्थविभागात येतं आणि वर्षभर येतं. इथे वार्षिक वर्गणी योग्य; आपल्या उदाहरणातल्या दराने ८,३३० रुपये. त्याआधी कंपनीच्या जनसंपर्क किंवा विधी विभागाकडे आधीच वर्गणी आहे का, ते विचारा. असलीच, तर लेख पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायची सवय मात्र नको. तो स्वामित्वहक्काचा भंग आहे. दुवा पाठवावा.

बंद करताना

मोफत पत्र बंद करणं सोपं: प्रत्येक पत्राच्या तळाशी ‘दार्से दे बाखा’ किंवा त्यासारखा दुवा असतो. पैशांची वर्गणी बंद करताना पत्र बंद केलं म्हणजे वर्गणी बंद झाली असं समजू नका; त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संकेतस्थळावरच्या खात्यात जाऊन वर्गणी रद्द करा, रद्द झाल्याचं इमेल येईपर्यंत थांबा आणि ते जपून ठेवा. काही ठिकाणी रद्द करण्यासाठी स्पेनमधल्या दूरध्वनीवरच बोलावं लागतं. वर्गणी घेण्याआधी अटींच्या पानावर रद्द करण्याची पद्धत शोधा. तिथे फक्त दूरध्वनी क्रमांक असेल, तर मासिक नूतनीकरणाच्या भानगडीत न पडता एकरकमी घ्या.

युरोपीय कायद्यात दूरस्थ खरेदीसाठी १४ दिवसांत माघार घेण्याचा हक्क आहे, पण डिजिटल मजकूर लगेच सुरू करायला संमती दिली की तो बहुतेकदा उरत नाही. ती संमतीची चौकट आपण न वाचताच टिक करतो. म्हणून परताव्याच्या भरवशावर वर्गणी घेऊ नका. ई-मँडेट दिलं असेल, तर ते बँकेच्या अ‍ॅपमधून थेट रद्द करता येतं. दैनिकाने दाद दिली नाही तरी पुढची कपात थांबते. आणि ‘तुमची वर्गणी संपत आहे, इथे पैसे भरा’ असं इमेल आलं, तर त्यातला दुवा न दाबता संकेतस्थळ स्वतः उघडून खात्यात बघा. वर्गणीदारांच्या नावाने फसवी पत्रं पाठवणारे स्पॅनिशमध्येही आहेत.

कुठून सुरुवात करावी?

आज एका गावाचं एक मोफत पत्र आणि एक अलर्ट लावा. महिनाभर दर वेळी बंद दुव्यावर अडकलात की कॅलेंडरवर एक रेघ मारा. महिन्याच्या शेवटी चारपेक्षा कमी रेघा असतील, तर पैसे भरायची गरज नाही. दहाच्या पुढे गेल्या, तर वार्षिक वर्गणी वसूल होते. मधल्यांनी ज्या महिन्यांत काम असेल तेवढ्याच महिन्यांची घ्यावी, आणि घेतल्या दिवशीच रद्द करण्याची तारीख फोनमध्ये टाकून ठेवावी.